पाण्यातल्या त्या राक्षसाचा चेहरा नक्की कोणाचा?

माझी भाची शिल्पकला शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचा फोन आला, म्हणाली मामा, सिनेमातला एखादा राक्षस जगभर गाजतो, टीशर्टवर येतो, खेळण्यांच्या दुकानात येतो, तर तो डिझाईन कोणी केला असं म्हणायचं? कागदावर काढला त्याने, मातीत घडवला त्याने, ज्याच्या नावाने स्टुडिओचं मेकअप खातं चालतं त्याने, की सूटच्या आत शिरून जो वावरला त्याने? तिच्या वर्गात यावरून चांगलंच वाजलं होतं आणि उदाहरण होतं 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' या १९५४ च्या सिनेमातल्या राक्षसाचं, ज्याला सगळे गिल-मॅन म्हणतात.

फोनवर पाच मिनिटांत मी काहीतरी सांगितलं पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून आता सगळं नीट लिहून काढतोय. मी सत्तावीस वर्षं प्रोस्थेटिक, म्हणजे नटाच्या चेहऱ्यावर चिकटवायचे खोटे अवयव, आणि क्रीचर सूट, म्हणजे अंगभर चढवायचे राक्षसाचे पोशाख, यांचं काम करतोय, गोरेगावला छोटा वर्कशॉप आहे. ड्रॉइंग, लाईफकास्ट म्हणजे नटाच्या अंगाचा ठसा, क्ले म्हणजे मातीकाम, साचा, फोम, रंग, पहाटे चार वाजता सेटवर नटाच्या कपाळाला पीस चिकटवणं, सगळं स्वतःच्या हाताने केलंय. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी सिनेमाच्या गप्पांचा नाही, पोटाचा आहे.

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. गिल-मॅनच्या डिझाईनचं श्रेय मिलिसेंट पॅट्रिक हिचं. तो डोकं-खांदे-हातापायांसकट प्रत्यक्ष उभा करण्याचं श्रेय शिल्पकार ख्रिस म्यूलर आणि सूट बनवणारा जॅक केव्हन यांचं. पाण्यात तो जसा हलतो ते रिकू ब्राउनिंगचं, जमिनीवर जसा चालतो ते बेन चॅपमनचं. आणि पडद्यावर मेकअप म्हणून ज्याचं एकट्याचं नाव आलं त्या बड वेस्टमोरचं श्रेय खातं चालवण्याचं. एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी होतं असं यात काही नाही, फक्त प्रत्येकाला त्याच्या कामाचं द्यायचं आणि दुसऱ्याच्या कामाचं द्यायचं नाही.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. युनिव्हर्सलचा सिनेमा, ब्लॅक अँड व्हाईट आणि थ्रीडीमध्ये काढलेला, दिग्दर्शक जॅक आर्नल्ड. अमेझॉनच्या खोऱ्यात काही शास्त्रज्ञ बोट घेऊन जातात आणि एका बंदिस्त तळ्यात त्यांना कल्ले असलेला, माणसासारखा उभा राहणारा प्राणी भेटतो. गोष्ट साधीच आहे. पण तो प्राणी एकदा बघितला की डोक्यातून जात नाही, सत्तर वर्षं झाली तरी त्याची नक्कल चालू आहे.

आता कल्पना कोणाची इथून सुरू करू, कारण पुष्कळ लोक इथेच घसरतात. निर्माता विल्यम अलंड. हा आधी नट होता, दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' या सिनेमामध्ये जो बातमीदार सगळ्यांना प्रश्न विचारत फिरतो तो हाच. त्या सुमाराला वेल्सच्या घरी जेवायला गेलेला असताना मेक्सिकोचा नामांकित कॅमेरामन गॅब्रिएल फिगुएरोआ याने अमेझॉनमधल्या अर्ध्या माणूस अर्ध्या माशाची गोष्ट सांगितली आणि ती अलंडच्या डोक्यात राहिली, दहाबारा वर्षांनी तिचा सिनेमा झाला. आर्नल्ड पुढे सांगायचा की आपल्याला ऑस्करच्या नॉमिनेशनचं जे सर्टिफिकेट मिळालं होतं त्यावर ऑस्करच्या बाहुलीचं चित्र होतं, ते बघून सुचलं की याच अंगाला कल्ल्यांचं डोकं, खवले आणि पर लावले तर आपला प्राणी होईल.

मग डिझाईन फिगुएरोआचं? अलंडचं? आर्नल्डचं? नाही. माझ्याकडे काम शिकायला नवीन मुलं येतात त्यांना मी पहिल्या दिवशी हेच वाक्य देतो, अर्धा माणूस अर्धा मासा, संध्याकाळपर्यंत काढून दाखवा. बहुतेक जण शेपूट लावतात, म्हणजे मत्स्यकन्येचा नवरा. काही जण माणसाच्या धडावर शार्कचं मुंडकं बसवतात. एकजण तर पापलेटासारखा चपटा माणूस काढून बसला होता, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला होता. गिल-मॅन अजून एकानेही काढलेला नाही. कल्पना म्हणजे दार, आत काय आहे ते कोणीतरी काढावं लागतं, आणि जो काढतो त्याला आम्ही डिझायनर म्हणतो.

गिल-मॅनमध्ये काय काय ठरवलं गेलं ते बघा. गालाच्या मागे कल्ल्यांचे थर, एकावर एक, एखाद्या जुन्या राजाच्या झालरीच्या कॉलरसारखे पसरलेले. नाक जवळजवळ नाहीच. ओठ जाड, तोंडाचे कोपरे खाली ओढलेले, त्यामुळे तो चिडलेला आणि दुःखी असा एकाच वेळी दिसतो. छातीवरचे खवले माशासारखे बारीक नाहीत, चिलखतासारख्या मोठ्या पट्ट्या आहेत, आणि त्या माणसाच्या स्नायूंच्या रेषेवरच बसवल्या आहेत म्हणून लांबून बघितलं तर माणूस आणि जवळून बघितलं तर प्राणी. मागून दिवा सोडला आणि नुसती काळी आकृती दिसली तरी कोण आहे ते कळतं, आमच्या धंद्यात याहून कठीण परीक्षा नाही. मुळात पहिला सूट जो बनवला होता तो बराच गुळगुळीत होता, टेस्ट घेतली आणि तो बाद झाला. म्हणजे कल्पना तीच, निर्माता तोच, दिग्दर्शक तोच, सूट बनवणारे हातही त्याच खात्यातले, आणि तरी राक्षस उभा राहिला नव्हता. कागदावर नवीन चेहरा आला तेव्हा उभा राहिला.

तो कागद मिलिसेंटचा. हिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण हिचं नाव मला स्वतःला धंद्यात पंधरा वर्षं काढल्यावर कळलं. जन्म १९१५, टेक्सासमधलं एल पासो, मूळ आडनाव रॉसी. वडील इंजिनियर, कॅलिफोर्नियात सॅन सिमियनला विल्यम हर्स्ट या वर्तमानपत्रवाल्या धनाढ्याचा प्रचंड वाडा बांधत होते तिथे बांधकामावर देखरेखीला होते, पोरीचं लहानपण त्या परिसरात गेलं. त्या वाड्याची आर्किटेक्ट एक बाई होती, ज्युलिया मॉर्गन. आणि 'सिटिझन केन' ज्या माणसावरून बेतला असं सगळे म्हणतात तो हाच हर्स्ट, म्हणजे अलंड ज्याच्या कहाणीत नट होता त्याच माणसाच्या अंगणात ही वाढली, आणि पुढे दोघांची गाठ पडली ती एका माशाच्या चेहऱ्यावरून. हे मी उगाच जोडतोय असं वाटेल पण मला असे धागे दिसले की सोडवत नाहीत.

पुढे ती लॉस एंजेलिसच्या शुइनार्ड आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकली, १९३९ ला डिस्नीच्या इंक अँड पेंट विभागात लागली, तिथून ॲनिमेशनकडे गेली, 'फँटेसिया'वर काम केलं. मग मॉडेलिंग, छोट्यामोठ्या भूमिका, आणि मग युनिव्हर्सलच्या मेकअप खात्यात. ॲनिमेशनची सवय असलेल्या माणसाचं ड्रॉइंग वेगळं असतं हे मी अनुभवाने सांगतो, तो चेहरा एका बाजूने काढून थांबत नाही, तो चेहरा फिरला की काय होईल हे त्याला आधीच माहीत असतं. गिल-मॅनचं डोकं कुठल्याही कोनातून बघा, कुठेही मेलेलं दिसत नाही. मला त्यात डिस्नीतली शिकवण दिसते, हे माझं मत आहे, पण विचार करून बनवलेलं मत आहे.

आता शिल्पकाराकडे येतो, कारण भाचीचा खरा राग इथे होता. तिचं म्हणणं, मामा, कागदावर काय कोणीही काढेल, मातीत आणताना सगळं बदलतं. बरोबर आहे तिचं, अर्धं. ड्रॉइंग खोटं बोलतं. कागदावर जो कल्ला सुंदर उभा राहतो तो मातीत घेतला की मागून बघताना वाळलेल्या पापडासारखा दिसतो, मग त्याची कड किती जाड ठेवायची, मुळाशी किती फुगवायची, दोन थरांच्या मधल्या खाचेत सावली पडेल इतकी खोली किती, हे सगळं शिल्पकार ठरवतो आणि यातलं एकही कागदावर लिहिलेलं नसतं. शिवाय त्याला साच्याचा विचार करावा लागतो, खाच आतल्या बाजूला फार वळली तर प्लास्टर त्यात अडकून बसतं आणि साचा उघडताना एकतर साचा फुटतो नाहीतर पीस फाटतो. ख्रिस म्यूलर हा साधा कारागीर नव्हता, डिस्नीच्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्स अंडर द सी' मधल्या त्या महाकाय स्क्विडवरही त्याचा हात आहे. आणि जॅक केव्हनने हे सगळं फोम रबरात माणसाच्या अंगावर चढेल असं केलं. युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी त्याने कृत्रिम अवयव बनवलेले होते, त्यामुळे शरीर कुठे वाकतं, कुठे घासतं, हे त्याला कळत होतं.

फोमबद्दल दोन शब्द लिहितो, नाहीतर हे काम काय असतं ते कळणार नाही. पातळ लेटेक्समध्ये फेस आणणारं, शिजवणारं अशी औषधं घालून मिक्सरमध्ये केकच्या पिठासारखं फेटायचं, फेस हलका झाला की जेल करणारं औषध घालायचं, आणि मग हातात थोडीच मिनिटं असतात, तेवढ्यात साच्यात ओतायचं, साचा बंद करायचा, बसला की ओव्हनमध्ये कित्येक तास भाजायचा. जुलै महिन्यात मुंबईत हवेत पाणीच पाणी असतं, तेव्हा तोच फॉर्म्युला, तेच वजन, तोच मिक्सर, आणि तरी फोम कधी वाडग्यातच बसतो, कधी साच्यात बसतच नाही. एकदा एका सूटच्या छातीचे आम्ही लागोपाठ पाच तुकडे फेकले. ज्याने हे केलंय तो माणूस केव्हनचं नाव विसरून नुसतं डिझायनरचं नाव घेणार नाही. गिल-मॅनचे कल्ले तर हलायचे सुद्धा, आत हवेच्या पिशव्या होत्या, नळीने हवा सोडली की फुगायच्या. एका चेहऱ्यात इतकं काम आहे.

पण म्हणून डिझाईन म्यूलर-केव्हनचं म्हणायचं का? माझ्या मते नाही. माझी कसोटी अशी आहे की एक माणूस काढून त्याच्या जागी तितकाच चांगला दुसरा ठेवून बघायचा. म्यूलरच्या जागी त्याच्याच तोडीचा शिल्पकार असता तर कल्ल्याची कड वेगळी आली असती, ओठ थोडा पातळ झाला असता, कदाचित सूट इतका जिवंत झाला नसता, पण तुम्ही आम्ही त्याला बघून गिल-मॅनच म्हटलं असतं. मिलिसेंटच्या जागी दुसरा चांगला चित्रकार असता तर दुसराच राक्षस आला असता. यात लहान मोठं कोण हा प्रश्न नाही, कोणाच्या निर्णयाने काय ठरलं एवढाच आहे. कसोटी नेहमी इतकी सरळ लागत नाही हेही खरं, कधी कधी शिल्पकाराला ड्रॉइंगच मिळत नाही, भयानक काहीतरी कर एवढंच सांगतात, तेव्हा डिझाईन त्याचंच.

ब्राउनिंगचं मात्र मला वेगळं सांगायचंय. पाण्याखालचं शूटिंग फ्लोरिडात वाकुल्ला स्प्रिंग्जला झालं, दुसऱ्या युनिटने केलं, दिग्दर्शक तिथे जेम्स हेवन्स. ब्राउनिंग तिथलाच पोहणारा गडी. सूटला हवेची टाकी नाही, कारण टाकी लावली की बुडबुडे निघणार आणि प्राणी खोटा पडणार, म्हणून दोन शॉटच्या मध्ये रबरी नळीतून हवा घ्यायची, नळी सोडायची आणि श्वास रोखून काम करायचं, चार चार मिनिटं म्हणतात. डोळ्यांच्या भोकांतून धड दिसत नाही. आणि अशा अवस्थेत त्याने तो प्रसंग केला, वर पाण्याच्या पृष्ठभागावर मुलगी पोहतेय आणि खाली तिच्याच लयीत, पाठ तळाकडे करून, तो प्राणी पोहतोय, तिला स्पर्श न करता. ती वळते तसा तो वळतो. मी तो प्रसंग किती वेळा थांबवून थांबवून बघितला असेल, त्या सूटमध्ये मान वळवताना फोमला कुठे सुरकुती पडते ते बघायला बसतो आणि दर वेळी सुरकुती बघायचं विसरतो. हे कागदावर नव्हतं, मातीतही नव्हतं. सहा फूट पाच इंचाचा चॅपमन जमिनीवर तासन्‌तास तसाच सूट घालून उकडत होता, त्याची चाल वेगळी, जड. दोन माणसं, एक प्राणी, आणि पडद्यावर त्या प्राण्याच्या नावापुढे दोघांपैकी कोणाचंही नाव नव्हतं.

अंगावर चढवणारा माणूस डिझाईनमध्येही हात घालतो कधी कधी. १९३१ च्या फ्रँकेन्स्टाईनच्या राक्षसाला मेकअप जॅक पियर्सचा, पण बोरिस कारलॉफने आपला खोट्या दातांचा ब्रिज काढून टाकला म्हणून तो एका बाजूचा गाल खोल गेला, आणि त्याला आपले डोळे फार जिवंत वाटले म्हणून पापण्यांवर मेण आलं. अर्धमेले डोळे ही त्या चेहऱ्याची निम्मी ताकद आहे. तरी सुरुवातीच्या नावांत कारलॉफच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

आता बड वेस्टमोर. त्याला शिव्या घालणं सोपं आहे आणि थोड्या मीही घालणार आहे, पण आधी त्याची बाजू. वेस्टमोर म्हणजे हॉलीवूडमधलं मेकअपचं घराणं, वडील जॉर्ज यांनी १९१७ ला पहिलं सिनेमाचं मेकअप खातं उभं केलं, सहा भाऊ सगळे याच धंद्यात. पियर्सला काढल्यावर युनिव्हर्सलचं खातं बडकडे आलं. मिलिसेंटला खात्यात त्यानेच घेतलं, म्हणजे तिच्या हातात काय आहे ते ओळखणाराही तोच. आणि खातेप्रमुखाचं एकट्याचं नाव लावायचं ही त्याने काढलेली रीत नव्हती. एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओचा कलाविभागप्रमुख सेड्रिक गिबन्स याचं कॉन्ट्रॅक्टच असं होतं की स्टुडिओच्या सिनेमांवर त्याचं नाव लागणार, त्यामुळे पंधराशेच्या वर सिनेमांवर ते आहे आणि ११ ऑस्कर त्याच्या नावावर आहेत, इतके सेट एका माणसाने काढणं शक्यच नाही. गंमत म्हणजे ऑस्करची बाहुली डिझाईन केली ती याच गिबन्सने आणि मातीत घडवली जॉर्ज स्टॅनली या शिल्पकाराने, आणि तिथे मात्र दोघांची नावं दोन कामांसाठी वेगवेगळी सांगितली जातात. म्हणजे तेव्हाही लोकांना हा फरक कळत होता.

आपल्याकडे हे समजायला लांब जायला नको. मी मातीकाम पेणला शिकलो, मामांच्या ओळखीने एका गणपतीच्या कारखान्यात. बाहेर पाटी मालकाची, गिऱ्हाईक म्हणतं आमचा गणपती अमक्यांकडचा. पण आत सगळ्यांना माहीत असतं की मूळ मूर्ती कोणी घडवली, साचा कोणी काढला, आणि डोळ्यांची आखणी कोणाची. आखणीवाला आला की बाकीचे बाजूला होतात, तो श्वास धरून ब्रश टेकवतो आणि मूर्ती बघायला लागते. पाटी मालकाची असण्यात कोणालाही गैर वाटत नाही, भांडवल त्याचं, जागा त्याची, पावसात माल भिजला तर नुकसान त्याचं. पण मालकाने कधी असं सांगितलेलं मी ऐकलं नाही की डोळे मी काढले.

वेस्टमोरने तेच केलं, आणि इथे माझी सहानुभूती संपते. १९५४ च्या सुरुवातीला स्टुडिओने सिनेमाच्या जाहिरातीसाठी मिलिसेंटला शहरोशहरी पाठवायचं ठरवलं, दिसायला देखणी, बोलायला हुशार, आणि राक्षस तिच्याच हातचा. दौऱ्याचं नाव ठरलं होतं राक्षस घडवणारी सुंदरी. वेस्टमोर भडकला, राक्षस माझा आहे म्हणाला. मग नाव बदलून झालं राक्षसासोबत राहणारी सुंदरी. फक्त एक शब्द बदलला बघा, घडवणारीची राहणारी झाली. ती गेली, मुलाखतींत वेस्टमोरचं नाव घेत राहिली, आणि परत आली तेव्हा तिच्यासाठी खात्यात काम नव्हतं. पडद्यामागचं काम तिला परत मिळालं नाही, छोट्या भूमिका करत राहिली, १९९८ मध्ये गेली. २०१९ मध्ये मॅलरी ओ'मिरा या लेखिकेने तिच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा कुठे बऱ्याच लोकांना नाव कळलं.

रीत म्हणून नाव लावणं वेगळं आणि ज्याने केलं त्याने ते तोंडाने बोलूही नये म्हणून त्याचं काम बंद करणं वेगळं. पहिलं त्या काळाचं होतं, दुसरं त्या माणसाचं.

हे सुधारता येतं याची उदाहरणं आहेत. त्याच १९५४ मध्ये जपानमध्ये गॉडझिला आला, तिथे कल्पना निर्माता तोमोयुकी तानाकाची, स्पेशल इफेक्ट एइजी त्सुबुरायाचे, डिझाईन अकिरा वातानाबेचं, मातीचं मॉडेल तेइझो तोशिमित्सुचं, आणि तो शंभर किलोच्या घरातला सूट घालून चालणारा हारुओ नाकाजिमा. आज विचारलं तर जाणकार ही नावं धडाधड सांगतात. 'एलियन' सिनेमातल्या राक्षसाचं तर बघायलाच नको, एच. आर. गीगर याने १९७६ ला काढलेल्या चित्रातून तो आला, यांत्रिक डोकं कार्लो रांबाल्डीचं, आत बोलाजी बदेजो हा सात फुटाच्या जवळपास उंचीचा नायजेरियन तरुण, आणि १९८० ला ऑस्कर मिळालं ते पाच जणांना, त्यात गीगर आणि रांबाल्डी दोघंही. चित्रकाराला खातेप्रमुखाच्या मागे उभं केलं नाही.

'प्रेडेटर' या सिनेमातल्या राक्षसाची गोष्ट भाचीला सांगितली तेव्हा तिने विचारलं की नुसती सूचना करणाऱ्याचं काय. तिथेही पहिला सूट पूर्ण फसला होता, मग काम स्टॅन विन्स्टन या राक्षस बनवणाऱ्या कलाकाराकडे आलं. तो दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनबरोबर विमानाने जपानला जात असताना शेजारी बसून स्केच काढत होता, कॅमेरॉन म्हणाला की मला किड्यासारखे बाजूला उघडणारे जबडे असलेलं काहीतरी बघायचंय. तेच जबडे आज त्या राक्षसाची ओळख आहेत. डिझाईन विन्स्टनचंच, आणि विन्स्टननेही ती गोष्ट लपवली नाही, स्वतःच सगळीकडे सांगितली. असं वागलं की भांडण उरत नाही.

आता माझं. एका हिंदी मालिकेसाठी मी हडळीचा चेहरा काढला, क्ले केला, फोम केला, नावात आलं ते ज्यांच्या हाताखाली होतो त्यांचं एकट्याचं. मी चिडलो आणि सोडलं. ती गोष्ट मी खूप वर्षं लोकांना सांगत होतो. त्यानंतर माझा स्वतःचा वर्कशॉप झाला आणि एका सिनेमासाठी जंगलातला एक प्राणी करायचा होता, कातडी जमत नव्हती, मगरीसारखी केली की मगर वाटायची, झाडाच्या सालीसारखी केली की झाड. माझ्याकडे कणकवलीची एक मुलगी होती, ती एका सकाळी घरून फणसाची साल घेऊन आली. त्यावर ब्रशने लेटेक्सचे पातळ थर मारले, वाळल्यावर सोलून काढलं तर फणसाच्या काट्यांचा उलटा ठसा मिळाला, तो ओल्या क्लेवर दाबत गेली, खांद्यावर मोठे काटे, मानेकडे लहान लहान, डोळ्यांपाशी काटे विरून जातात असं. दुपारपर्यंत तो प्राणी झाला होता. मी केलेलं ड्रॉइंग भिंतीवर तसंच राहिलं, त्याचा आणि या चेहऱ्याचा आता फार संबंध नव्हता.

सिनेमात नाव माझं आलं. कोणी मुद्दाम केलं नाही, प्रोडक्शनने विचारलं नाव काय टाकायचं, मी वर्कशॉपचं नाव आणि खाली माझं दिलं, बाकी सगळे टीम म्हणून. ती काही बोलली नाही. सहा महिन्यांनी दुसरीकडे गेली. मिलिसेंटबद्दल पहिल्यांदा वाचलं ते त्यानंतर, आणि वाचताना मला हडळीवाला मी आठवलोच नाही, फणसवाली ती आठवली. मी तिला फोन केला, माफी मागितली, आणि लेटरहेडवर लिहून दिलं की त्या प्राण्याच्या चेहऱ्याचं आणि त्वचेचं डिझाईन तिचं आहे, तिच्या पोर्टफोलिओत ते पत्र आहे. सिनेमातली पाटी बदलता आली नाही.

भाचीला आणि तिच्या वर्गातल्या मुलांना म्हणून एवढं सांगतो. ड्रॉइंगवर सही आणि तारीख टाका, नुसती मोबाईलच्या फोटोत तारीख आहे म्हणून सोडू नका. क्लेचा रोज संध्याकाळी एक फोटो काढा, हात कोणाचा चालतोय ते दिसेल असा. काम घेतानाच विचारा की नाव कसं येणार, कन्सेप्ट वेगळं, स्कल्प्ट वेगळं, फॅब्रिकेशन वेगळं, परफॉर्मर वेगळा, एवढ्या चार ओळी पाटीवर मावतात, प्रोड्युसरला एक पैसा जास्त लागत नाही. विचारायला लाज वाटते हे मला माहीत आहे, पहिल्या कामाला तर भीतीच वाटते की काम जाईल. तरी विचारा, आणि जे म्हणाले नंतर बघू त्यांना मेसेजवर लिहून पाठवा की आपलं असं बोलणं झालं. आणि उद्या तुमच्या हाताखाली कोणी आलं की त्यांनी विचारायची वाट बघू नका.

माझ्याकडे आता प्रत्येक साच्याच्या मागच्या बाजूला, प्लास्टर ओलं असतानाच, खिळ्याने नावं कोरतो, काढलं कोणी, घडवलं कोणी, साचा कोणी घेतला. फणसाच्या कातडीचा तो साचा अजून रॅकवर आहे. त्याच्यावर तिचं नाव मी खूप उशिरा कोरलं, प्लास्टर केव्हाच वाळून दगड झालं होतं, त्यामुळे अक्षरं वाकडी आलीत आणि एक काना तुटलाय, पण वाचता येतं.